झाडीतील यजमान श्रोते

संगीताचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची लेखणी सहसा दरबार, घराणी आणि महानगरे यांच्याभोवतीच फिरत राहते. ग्वाल्हेर, जयपूर, बडोदे, कोल्हापूर, पुणे, मुंबई ही नावे त्यात पुनःपुन्हा येतात. कोणी कोणाकडून तालीम घेतली, कोणत्या महाराजांनी कोणाला बिदागी दिली, कोणाच्या तानेने कोणता जलसा गाजला, याच्या हकिकती आवडीने सांगितल्या जातात. यात वावगे काही नाही. विद्या जेथे एकवटते तेथेच तिचा इतिहास प्रथम लिहिला जावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु गाणे हे जसे गाणाऱ्याचे असते तसेच ते ऐकणाऱ्याचेही असते. ज्या गवयाला दरबाराने ठेवून घेतले नाही, ज्या वादकाचे वाद्य विद्वानांनी हलके ठरविले, ज्या साथीदाराची नाटकमंडळी एके दिवशी मोडली, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. तो विचारला, तर उत्तर शोधण्यासाठी राजमार्ग सोडून आडवाटेला वळावे लागते. आणि आडवाटेवर भेटणारा श्रोता पुष्कळदा राजमार्गावरील श्रोत्यापेक्षा अधिक एकनिष्ठ निघतो.

याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांचा गळा असामान्य होता. परंतु पित्यामागे त्यांची घडी विसकटली. व्यसनाने शरीर पोखरले, चित्त थाऱ्यावर राहिले नाही, आणि एवढ्या मोठ्या घराण्याचा हा वारस उत्तरेत विपन्नावस्थेत भटकू लागला. त्यांना आश्रय मिळाला तो कोणा संस्थानिकाच्या गायनशाळेत नव्हे, तर सर्कशीच्या तंबूत! भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक विष्णुपंत छत्रे हे अश्वविद्येत निष्णात होते. त्यांना गायनाचाही नाद होता, आणि ग्वाल्हेरीस असताना त्यांनी हद्दूखाँकडे शिक्षण घेतले होते. गुरुपुत्राची दैना पाहून त्यांनी रहिमतखाँना आपल्याजवळ आणले. सर्कस ज्या गावी मुक्कामाला जाई त्या गावी खाँसाहेबही जात, आणि मग तेथील रसिकांना त्यांची मैफल ऐकावयास मिळे. विष्णुपंतांमागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी हा भार उचलला. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथे रहिमतखाँ निवर्तले, तोपर्यंत दक्षिण महाराष्ट्राने त्यांना ‘भूगंधर्व’ म्हणून मस्तकी धारण केले होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांच्या गायकीवर त्यांच्या सुराची छाया पडली, असे जाणकार मानतात. ज्या गळ्याला स्वतःच्या प्रांतात घर उरले नव्हते, त्याला घोड्यांच्या टापा आणि हत्तींचे चीत्कार यांच्या शेजारी घर मिळाले.

या कथेत एक गोष्ट मात्र ध्यानी घेण्यासारखी आहे. रहिमतखाँचा आधार एका कुटुंबाच्या कृतज्ञतेवर उभा होता. छत्रे बंधू नसते, तर तो गळा बहुधा मुकाच राहिला असता. असा आधार एखाद्या व्यक्तीला तारतो. कलावंतांच्या संपूर्ण वर्गाला तारण्यास तो पुरा पडत नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाराष्ट्रापुढे असाच एक वर्ग निराधार होऊन उभा राहिला. तो वर्ग म्हणजे संगीत नाटकाच्या साथीदारांचा.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, आणि मराठी माणसाच्या कानाला नाट्यपदांची जी गोडी लागली ती पुढील अर्धशतक ओसरली नाही. १९११ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमाना’च्या पदांना चाली दिल्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर यांच्या मंडळ्यांनी गावोगाव नाट्यगृहे दणाणून सोडली. या वैभवात रंगमंचासमोर बसणाऱ्या वादकाचे स्थान मोठे होते. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला असे. ऑर्गनचा भरदार स्वर हा तर संगीत नाटकाचा जणू श्वासच होऊन बसला. पडदा वर जाण्यापूर्वी प्रेक्षक नटाची जितक्या उत्कंठेने वाट पाही, तितक्याच उत्कंठेने ऑर्गनच्या पहिल्या स्वराची.

मग १९३१ मध्ये ‘आलमआरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट झळकले. अवघ्या काही वर्षांत नाटकगृहांची चित्रगृहे झाली. कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ या बोलपटात एकनाथांची भूमिका घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. नावाजलेल्या नटांना बोलपटात किंवा जलशांत वाट सापडली. थिरकवाँसारख्या थोर कलावंताला रामपूरचा दरबार लाभला. परंतु आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याला आधार देणाऱ्या सामान्य पेटीवाल्याला कोणी विचारावे?

त्याच्या दुर्दैवात भर पडली ती रेडिओची. हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपातले. पॅरिसच्या देबँ या कारागिराने १८४२ मध्ये त्याची सनद घेतली, आणि १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून एका हाताने भाता हलवीत वाजविता येईल असा त्याचा देशी अवतार घडविला. त्याचे स्वर ठोकळेबाज. त्यावर मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, असा आक्षेप विद्वान घेत आले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य मान्य नव्हते. ऑल इंडिया रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख जॉन फोल्ड्झ याने त्यावर कडक टीका केली, आणि १ मार्च १९४० पासून रेडिओ केंद्रांच्या दाराशी हार्मोनियमला मज्जाव झाला. ही बंदी स्वातंत्र्यानंतरही उठली नाही. १९७० मध्ये दिल्लीत या प्रश्नावर परिसंवाद झाला, आणि त्यानंतरच निवडक कलावंतांच्या साथीपुरती पेटीला पुन्हा वाट मिळाली. नाटकमंडळी मोडली, रेडिओचे दार बंद झाले; अशा स्थितीत पेटीचा आणि तिच्या धाकट्या-थोरल्या भावंडांचा संसार संपला, असे कोणालाही वाटले असते. पण तो संपला नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, शहरी रसिकाच्या स्वप्नातही आला नसेल अशा मुलखात, तो नव्याने मांडला गेला.

हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील काही भाग मिळून ही पट्टी होते. दाट झाडी होती म्हणून झाडीपट्टी, इतके हे नाव सरळ आहे. येथून वैनगंगा वाहते. पूर्वजांनी बांधलेले तलाव आणि गावोगावच्या लहान बोड्या पावसाचे पाणी साठवितात, आणि त्या पाण्यावर धान पिकतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे याच धानाच्या मुलखातले एक गाव. करडीसारख्या गावाचे वर्ष पंचांगापेक्षा बांधीतल्या धानावर मोजले जाते. आषाढात पऱ्हे उपटून चिखलात रोवणी होते; दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीस येतो, आणि मागाहून भारी धान. शेतात पुंजणे रचले जातात, मळणी होते, घरात धान्य येते, हातात चार पैसे खेळू लागतात. मग हिवाळ्याच्या लांब रात्री समोर असतात, आणि त्या रात्रींना गाण्याची भूक असते.

ही भूक संगीत नाटकाने निर्माण केली असे मात्र नव्हे. ती तेथे आधीपासून होतीच. झाडीत दंडार नावाचा लोकनाट्याचा प्रकार फार जुना आहे. शेतकरीच त्यात नट, गायक आणि वादक. शाहिरांची खडी गंमत हा दुसरा प्रकार. तीत कलावंत उभे राहून गातात, ढोलकीच्या तालावर सवाल-जवाब रंगतात आणि स्त्रीची भूमिका पुरुष करतो. याखेरीज देवकार्याच्या रात्री डहाक्याच्या नादावर कथा गायल्या जातात. दिवाळी सरली की भाऊबीजेपासून गावोगाव ‘मंडई’ भरू लागते. ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. ती एक जत्राच असते. दिवसा गोवाऱ्यांचा नाच, दुकाने, लेकी-जावयांची वर्दळ आणि रात्री दंडार किंवा नाटक. तात्पर्य, रात्रभर जागून एकत्र बसून गाणे ऐकण्याची सवय या लोकांच्या हाडीमाशी मुरलेली होती. संगीत नाटक येथे येऊन पोहोचले, तेव्हा त्याला कान तयार करावे लागले नाहीत; तयार कानांसमोर ते येऊन उभे राहिले.

ते आले कसे, याचा मार्गही अनाकलनीय नाही. पश्चिमेकडील नाटकमंडळ्यांचे दौरे वऱ्हाड-नागपूरपर्यंत होत असत. नागपुरात पाहिलेल्या नाटकाची पदे तोंडात घोळवीत माणसे गावी परतत. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांनी तीच पदे मालगुजारांच्या वाड्यांत पोहोचविली. शिक्षक, पाटील, दुकानदार, शेतकरी अशा हौशी मंडळींनी गावोगाव नाट्यमंडळे काढली. पदांशिवाय नाटक ही कल्पनाच त्यांना मानवण्यासारखी नव्हती; कारण त्यांच्या दंडारीत गाणे वगळले तर काहीच उरत नसे. नाटक आले ते पदांसह, आणि पदे आली ती पेटी-तबल्यासह.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पुण्यामुंबईचे बेकार झालेले वादक बिऱ्हाड पाठीवर टाकून झाडीत येऊन राहिले, असा याचा अर्थ नाही. झाडीत टिकून राहिली ती वादकाची जागा. शहरातील रंगमंचासमोरून जी बैठक उठली, तीच झाडीच्या मांडवात कायम राहिली, आणि तिच्यावर तेथल्याच मातीतले वादक येऊन बसले. ऑर्गन वा हार्मोनियम, तबला, ढोलकी घेऊन बसलेला हा ताफा नसला, तर झाडीच्या प्रेक्षकाला नाटक अपुरे वाटते. शहरात ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीताने नाटकातून हाडामांसाच्या वादकाला हद्दपार केले, त्यानंतरही झाडीत नटाला स्वर देणारा माणूस समोर प्रत्यक्ष बसलेला असे. पेटीवाल्याला तेथे ‘मास्तर’ म्हणून मान आहे, आणि नटाचा स्वर कोठे डळमळेल हे त्याला नटाच्या आधी कळते.

कालांतराने हौशी मंडळांच्या जोडीला व्यावसायिक कंपन्या उभ्या राहिल्या. गोंदिया-चांदा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे केंद्र झाले. दिवाळीपूर्वी गावोगावचे कार्यकर्ते तेथे जातात, कंपन्यांच्या कचेऱ्यांतून नाटके ठरवितात, विसार देऊन तारीख पक्की करतात. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. नाटक रात्री नऊ-दहाच्या पुढे सुरू होते आणि पुष्कळदा पहाटेच उतरते. मोकळ्या शेतात मांडव पडतो. पुरुष, बायका, लेकुरे, म्हातारीकोतारी घोंगडी-चादरी लपेटून जमिनीवर बसतात. थंडी अंगाला झोंबत असते. पण पद रंगले की ‘पुन्हा एकदा’ची मागणी होते, विनोदी प्रवेशाला मांडव खदखदून हसतो, करुण प्रवेशाला पदराची टोके डोळ्यांना लागतात. नाटके बहुतेक कौटुंबिक वा सामाजिक विषयांवरची. आणि कथानक कितीही नवे असले तरी गाण्यांची संख्या कमी करून चालत नाही.

या प्रेक्षकाच्या निष्ठेचे रहस्य कशात आहे? तो पुण्याच्या श्रोत्यापेक्षा अधिक जाणता आहे, असे म्हणणे म्हणजे उगाच स्तुती होईल. तो भोळा आहे म्हणून कशालाही भुलतो, असे म्हणणे हा अन्याय होईल. खरे कारण निराळे आहे. शहरात श्रोता हा गिऱ्हाईक असतो. तिकीट काढतो, ऐकतो, आवडले तर वाखाणतो, न आवडले तर पुढल्या खेपेस दुसरीकडे जातो. झाडीतला श्रोता हा यजमान असतो. नाटक त्याच्या गावाने आणलेले असते. कंपनीला द्यावयाच्या रकमेची जोखीम गावच्या मंडळाने पत्करलेली असते. तिकिटे खपली नाहीत तर तूट गावाला सोसावी लागते. त्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. दिवसा मंडई असेल, नाही तर शंकरपट; म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. पटाच्या निमित्ताने लांबलांबचे आप्त येतात, उपवर मुलामुलींची बोलणी निघतात, सोयरिकी जुळतात. संध्याकाळी जेवणाच्या पंगती उठतात, आणि रात्री आप्तांना घेऊन घरधनी नाटकाला जाऊन बसतो. नाटक फसले तर पाहुण्यांसमोर गावाची शोभा होईल. नाटक रंगले तर पुढल्या वर्षापर्यंत त्याची चर्चा पंचक्रोशीत राहील. जो श्रोता गाण्याच्या यशापयशाशी असा बांधलेला आहे, तो अर्ध्यातून उठून कसा जाईल?

हा भेद स्पष्ट होण्यासाठी दूर देशीचे एक उदाहरण घेता येईल. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे १८९७ मध्ये जन्मलेला सिडनी बेशे हा कृष्णवर्णी वादक क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोन या वाद्यांवर विलक्षण प्रभुत्व मिळविलेला जॅझ कलावंत. परंतु मंदीच्या काळात, १९३३ च्या सुमारास, त्याला न्यूयॉर्कमध्ये एका सहकाऱ्याबरोबर कपडे शिवण्या-दुरुस्तीचे दुकान चालवावे लागले. वयाची पन्नाशी उलटल्यावर तो फ्रान्समध्ये गेला, आणि जे कौतुक मायदेशाने हात राखून दिले ते त्या परक्या देशाने त्याच्यावर उधळले. तेथेच १९५९ मध्ये त्याचा अंत झाला. बेशेचे श्रोते खरे प्रेमी होते. पण ते प्रेम एका पिढीच्या नव्या छंदाचे होते. रहिमतखाँना एका कुटुंबाने तारले, बेशेला एका पिढीच्या उत्साहाने. झाडीच्या वादकाला तारले ते वर्षाच्या रहाटगाडग्याने. धान घरात आला की मंडई, मंडई आली की पाहुणे, पाहुणे आले की नाटक, नाटक आले की पेटी. या साखळीत कोणा एकाच्या औदार्याची गरज नाही, आणि म्हणूनच एवढ्या दीर्घ काळ ती तुटली नाही.

तथापि या आश्रयाची किंमतही द्यावी लागली आहे. ज्या गायकीत एक पद अर्धा अर्धा तास फुलत जाई, ती गायकी झाडीत जशीच्या तशी राहिली नाही. हजारोंच्या जमावापुढे, ध्वनिक्षेपकावरून, उघड्या माळावर गावयाचे, तर नाजूक हरकतींना वाव कमी. पदे आटोपशीर झाली, चाली सोप्या झाल्या, चित्रपटगीतांचे वळण शिरले. अलीकडे विजेवर चालणारी वाद्ये आली, आणि नाटकाच्या मध्ये ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच घालण्याची चाल पडली. हा नाच पाहण्यासाठी गर्दी होते खरी. पण त्या वेळी पेटीवाला हात बांधून बसलेला असतो. ज्या यंत्राने त्याला शहरातून उठविले तेच यंत्र त्याच्या मागोमाग झाडीत येऊन पोहोचले आहे.

याहूनही गंभीर असा एक मुद्दा आहे, आणि तो झाडीच्या स्वतःच्या संगीताचा. ऑर्गन-तबल्याच्या नाटकाला मांडवातील मानाची जागा मिळाली, तेव्हा ती जागा पूर्वी ज्याची होती तो दंडारीचा गायक मागे सरकला. उपेक्षित वाद्याला आसरा देणाऱ्या भूमीवरच एक नवा उपेक्षित निर्माण झाला. दंडार ही झाडीपट्टीच्या रंगभूमीची जननी, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण जननीच्या वाट्याला पुष्कळदा घराचा कोपराच येतो, तसे दंडारीचे झाले. तिला जाणता श्रोता मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने अभ्यासकांकडे जाते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास चिकाटीने केला, आणि ज्याला लोक अडाण्यांचा खेळ समजत त्यात केवढी परंपरा साठली आहे हे दाखवून दिले. मात्र अभ्यासकाची वही ही स्मरणाची जागा आहे, गाण्याची नव्हे. जेथे मंडईच्या रात्री दंडार अजून उभी राहते, तेथेच ती खऱ्या अर्थाने जिवंत आहे.

झाडीच्या रंगभूमीचा हा आधार भक्कम दिसतो, पण तो अभंग नाही. साखळीची एक कडी निखळली की पुढच्या साऱ्या कड्या लोंबकळू लागतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या. हा निर्णय प्राण्यांच्या छळाविषयी होता. नाटकाशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु शंकरपटाच्या निमित्ताने जमणारा मेळा थांबला, की त्या रात्रीच्या नाटकाचा आधारही डळमळतो. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा कोठे पटाची मैदाने पुन्हा निर्वेधपणे गजबजू लागली. दरम्यान २०२० हे वर्ष दुहेरी घाला घेऊन आले. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने भंडारा जिल्ह्यातील गावे आणि उभा धान पाण्याखाली घेतला, आणि करोनाच्या साथीने त्या हिवाळ्यातील मांडव ओस पाडले. हंगाम अवघ्या चार-पाच महिन्यांचा. त्यावर वर्षाचा संसार चालवणाऱ्या नट-वादकांची त्या वर्षी काय स्थिती झाली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मंडळ्या तरीही पुन्हा उभ्या राहिल्या, याचे कारण धान पुन्हा पिकला आणि पाहुणे पुन्हा आले.

२०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे निरनिराळ्या भूमिका, अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद सांगितली जाते. हे आकडे वाचून अनेक शहरी वाचकांना झाडीपट्टीच्या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले असेल. मुंबई-पुण्याचे काही नटही आता हिवाळ्यात झाडीच्या नाटकांत भूमिका करण्यास जातात. एके काळी वऱ्हाड-नागपूरच्या दौऱ्यावर येणाऱ्या मंडळ्या आपली कला दाखविण्यास येत. आज येणारा नट हा झाडीच्या प्रेक्षकाकडे मागणी घेऊन येतो. एवढ्या अवधीत पारडे किती फिरले, हे यावरून ध्यानात येईल.

या साऱ्या इतिहासातून शहरी रसिकाने घ्यावयाचा बोध कोणता? झाडीने संगीत नाटकाचे जतन केले, म्हणून तिचे आभार मानावे आणि मोकळे व्हावे, एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. झाडीने जतन करण्याच्या हेतूने काहीच केले नाही. तिला गाणे हवे होते म्हणून तिने गाणाऱ्याला बोलावले, त्याच्यासाठी मांडव घातला, त्याला जेवू घातले आणि त्याच्यासाठी रात्र जागविली. शहरात संगीत टिकविण्याच्या चर्चा होतात त्या संस्था, अनुदाने, पुरस्कार आणि ध्वनिमुद्रणे यांच्याविषयी. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? पण ध्वनिमुद्रणाच्या कपाटात सुरक्षित असलेला सूर आणि दर हिवाळ्यात कोणीतरी ज्याची वाट पाहते तो सूर, यांच्यात अंतर आहे. वादकाला पोट भरण्यापुरता पैसा लागतोच. पण त्याच्या येण्याने एखाद्या घरी चूल मोठी पेटावी, पाहुणे बोलावले जावेत, हेही त्याला लागते. विद्वानांनी हिणविलेल्या आणि रेडिओने नाकारलेल्या पेटीला हे भाग्य महाराष्ट्राच्या कोणत्याही राजधानीत लाभले नाही. ते लाभले धानाच्या बांध्यांमध्ये.

उद्या या यजमानांची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी नागपूर-पुण्याला जातील. कित्येक गेलीही आहेत. मंडईला ती परत येतात की नाही, आणि आली तर रात्री मांडवात बसतात की नाही, यावर पेटीवाल्या मास्तरांच्या पुढल्या पिढीचे भवितव्य अवलंबून आहे. शहरातील ज्या घरांचे गाव झाडीत आहे, त्यांनी हा प्रश्न परका मानू नये. दिवाळीनंतरच्या हिवाळ्यात गावचे बोलावणे येईल तेव्हा सवड काढून जावे, जमिनीवर चादर अंथरून बसावे, आणि पहाटेचे शेवटचे पद होईपर्यंत उठू नये. झाडीतले श्रोते आजवर नेमके हेच करीत आले आहेत.